टी पार्टीचा गव्हर्नर हचिन्सन आणि त्याचा गोतावळा

प्रश्न थोडक्यात असा आहे. १७७३ मध्ये बोस्टनच्या बंदरात चहावरच्या जकातीला चिडलेल्या जमावाने जहाजांवरचा चहा बुडवला, तीच टी पार्टी. तेव्हा मॅसॅच्युसेट्स या ब्रिटिश वसाहतीचा गव्हर्नर होता टॉमस हचिन्सन. त्याने ती जहाजं गपगुमान परत का जाऊ दिली नाहीत? मुलगे चहाच्या धंद्यात होते म्हणून? आणि पुढे त्या घराचं काय झालं?

वसाहतकालीन अमेरिका शिकवण्यात आणि त्या काळचे कागद चाळण्यात माझी उमर गेली आहे. हचिन्सनची पत्रं आणि रोजनिशी या कामात पुन्हा पुन्हा हाती येतात. माझं मत आधीच सांगून टाकतो: मुलांच्या चार पैशांसाठी त्याने चहा अडवला, हे मला पटत नाही. पण तो तसं करत नाहीये यावर बोस्टनमध्ये कुणी विश्वास ठेवावा, अशी सोय त्याने स्वतःच ठेवली नव्हती. कारण त्याचा कारभार आणि त्याचं घर यांच्यात भिंतच नव्हती. म्हणून आधी घर बघू, चहा नंतर.

हचिन्सनचा जन्म ९ सप्टेंबर १७११ चा, बोस्टनच्या उत्तर टोकाच्या वस्तीतला. घराणं वसाहतीच्या पहिल्या पिढीपासूनचं. त्याची खापरपणजी अ‍ॅन हचिन्सन. ही बाई घरात बायकांना जमवून धर्मावर प्रवचनं देई, पाद्र्यांच्या चुका काढी. तिच्यावर खटला चालवून १६३८ मध्ये तिला मॅसॅच्युसेट्समधून हद्दपार केलं. १६४३ मध्ये, आज जिथे न्यूयॉर्क शहराचा ब्राँक्स भाग आहे त्या बाजूला, मूळ रहिवाशांच्या हल्ल्यात ती आणि तिची बरीच मुलं मारली गेली. अशा बंडखोर बाईच्या वंशात राजनिष्ठेपायी देशोधडीला लागलेला गव्हर्नर निपजावा, ही गंमत इतिहासकार नेहमी सांगतात. पण मधल्या पिढ्या फारशा कुणी बघत नाही. अ‍ॅनचा मुलगा एडवर्ड लष्करात कप्तान, नातू एलिशा व्यापारी आणि प्रांताच्या सल्लागार मंडळात, पणतू कर्नल टॉमस हाही व्यापारी आणि सल्लागार मंडळात. म्हणजे बंड एका पिढीचं आणि दुकानदारी तीन पिढ्यांची. आपला टॉमस त्या तीन पिढ्यांचा वारस होता.

बारा वर्षंही पुरी झाली नव्हती तेव्हा तो हार्वर्डला गेला. १७२७ मध्ये तिथून बाहेर पडला. वडिलांनी दिलेली दोन-तीन क्विंटल सुकी मासळी वडिलांच्याच जहाजातून परदेशी पाठवून त्याने व्यापाराला सुरुवात केली, आणि एकविसाव्या वर्षी त्याच्या गाठीला चार-पाचशे पौंड होते. पुढे इतकी पदं मिळवली, तरी त्याचा पिंड हिशेब ठेवणाऱ्या माणसाचाच राहिला. रोजनिशीतही खर्चाच्या नोंदी आहेत, हवापाण्याच्या आहेत. मन मोकळं केलेलं क्वचितच सापडतं.

१७३४ मध्ये त्याचं लग्न ऱ्होड आयलंडच्या मार्गारेट सॅनफर्डशी झालं. ती तिथल्या एका माजी गव्हर्नरची, पेलेग सॅनफर्डची, नात. आणि पेलेगची आई ब्रिजेट ही कोण? अ‍ॅन हचिन्सनचीच मुलगी. म्हणजे नवराबायको दोघांचीही खापरपणजी एकच. त्याच वर्षी मार्गारेटची बहीण मेरी हिचं लग्न अँड्र्यू ऑलिव्हर या बोस्टनच्या बड्या व्यापाऱ्याशी झालं. त्यामुळे हचिन्सन आणि अँड्र्यू साडू झाले. धाकटी बहीण ग्रिझेल लग्न न करता हचिन्सनच्या घरीच राहिली.

मार्गारेटला बारा मुलं झाली, पाच जगली: टॉमस, सॅली, एलिशा, बिली आणि पेगी. पेगीच्या जन्मानंतर लगेच, मार्च १७५४ मध्ये, मार्गारेट गेली. हचिन्सन तेव्हा बेचाळीस वर्षांचा, पैसेवाला आणि मानमरातबाचा. त्या काळात अशा माणसाने वर्षभरात दुसरं लग्न करणं हीच रीत होती. त्याने केलं नाही. घर ग्रिझेलने सांभाळलं, मुलं तिने वाढवली. आईचा चेहराही न पाहिलेली पेगी पुढे बापाची सावली झाली.

आता सोयरिकी. इथे कागद-पेन्सिल घेऊन बसा, नाहीतर घोळ होतो.

साडू अँड्र्यू ऑलिव्हर हा प्रांताचा सचिव. त्याचा भाऊ पीटर ऑलिव्हर हा वरिष्ठ न्यायालयात न्यायाधीश. हचिन्सनची मुलगी सॅली हिला पीटरच्या मुलाला दिली. तो डॉक्टर, आणि त्याचंही नाव पीटर. अँड्र्यूची मुलगी सेरा हिला हचिन्सनच्या थोरल्या मुलाला, धाकट्या टॉमसला, करून घेतली. सॅलीचं कागदोपत्री नाव सेराच. त्यामुळे वर्षभराच्या अंतराने सेरा हचिन्सनची सेरा ऑलिव्हर झाली आणि सेरा ऑलिव्हरची सेरा हचिन्सन. पत्रात नुसतं ‘सेरा’ किंवा नुसतं ‘पीटर’ दिसलं, तर आधी तारीख बघायची आणि मगच कोण ते ठरवायचं. दुसरा मुलगा एलिशा, त्याची बायको मेरी वॉटसन, लाडाने पॉली, ही थोरल्या पीटर ऑलिव्हरच्या मुलीची मुलगी. म्हणजे हचिन्सनच्या तीन मुलांची लग्नं एकाच ऑलिव्हर घराण्यात.

मराठी वाचकाच्या भुवया इथे उंचावतील. धाकट्या टॉमसची आई आणि त्याच्या बायकोची आई सख्ख्या बहिणी. आपल्याकडे काही समाजांत मामेबहीण चालते, पण मावसबहीण म्हणजे बहीणच. तिथे त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. व्यापारी घरांत तर पैसा आणि भरवसा घरातच राहावा म्हणून अशा सोयरिकी मुद्दाम जुळवत.

आता यावर पदं चढवा. हचिन्सन १७३७ मध्ये प्रांताच्या विधानसभेत गेला, १७४६ मध्ये तिचा सभापती झाला. पुढे सल्लागार मंडळात आला, बोस्टन ज्यात येतं त्या सफोक परगण्याचा वारसा न्यायाधीश झाला, १७५८ मध्ये उपगव्हर्नर आणि १७६० मध्ये वरिष्ठ न्यायालयाचा मुख्य न्यायाधीश. ही पदं एकामागून एक नव्हे, बरीचशी एकाच वेळी त्याच्याकडे होती. वकिली त्याने आयुष्यात केली नव्हती. मुख्य न्यायाधीशाच्या जागेवर जेम्स ओटिस थोरला डोळा ठेवून होता. त्याला तसा शब्द मिळाला होता, असं ओटिस घराण्याचं म्हणणं. ती जागा हचिन्सनला गेली आणि ओटिसचा वकील मुलगा, त्याचंही नाव जेम्सच, सरकारच्या विरोधात उभा ठाकला. त्याच्या मतांमागे निव्वळ हा राग होता म्हणणं अन्यायाचं ठरेल, पण रागाने धार नक्कीच आली.

जॉन अ‍ॅडम्स, पुढचा राष्ट्राध्यक्ष, तेव्हा तिशीही न गाठलेला वकील होता. ऑगस्ट १७६५ च्या रोजनिशीत त्याने ही सगळी यादी प्रश्नांच्या रूपात मांडली आहे. उपगव्हर्नरने प्रांतातली चार मोठी पदं स्वतःकडे ठेवली नाहीत का? त्याच्या साडूकडे आणखी एक नाही का? त्या साडूचा भाऊ न्यायाधीश नाही का? भावाचा मुलगा विधानसभेत नाही का? एका घराण्याचं हे वर्चस्व लोकांना खुपल्याशिवाय राहील का, असा त्याचा सूर. आपल्या जिल्हा परिषदा आणि साखर कारखाने बघत मोठ्या झालेल्या वाचकाला हे समजावून सांगावं लागत नाही.

हचिन्सनच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. त्याने पदांवरून पैसा खाल्ल्याचा पुरावा मला कुठे दिसलेला नाही. उलट लोकांना न रुचणारी, पण बरोबर कामं तो ओढवून घेई. फ्रेंचांचा लुईबुर्ग किल्ला १७४५ मध्ये घेण्यासाठी मॅसॅच्युसेट्सने जो खर्च केला, त्याची भरपाई म्हणून ब्रिटनने सुमारे १,८३,००० पौंडांची चांदी आणि तांबं पाठवलं. वसाहतीत तेव्हा कागदी नोटांचा सुळसुळाट होता आणि त्यांची किंमत घसरत चालली होती. हचिन्सनने आग्रह धरला की ही चांदी देऊन नोटा परत घ्यायच्या आणि चलन चांदीवर आणायचं. १७४९ मध्ये तसं झालं. धनको खूश झाले, पण स्वस्त नोटांत कर्ज फेडू पाहणारे छोटे दुकानदार आणि कारागीर चिडले. त्याच वर्षी तो निवडणूक हरला. त्याच सुमारास त्याच्या घराला आग लागली, तेव्हा रस्त्यावर जमलेल्यांपैकी काहीजण ‘जळू द्या’ म्हणून ओरडले. सोळा वर्षांनी त्याच घरावर आलेल्या जमावाची जुनी खुन्नस इथली.

१७६५ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने मुद्रांक कायदा केला. वर्तमानपत्रापासून खरेदीखतापर्यंत प्रत्येक कागदावर कर. हचिन्सनला हा कायदा मूर्खपणाचा वाटत होता आणि तसं त्याने लंडनला कळवलंही होतं. पण ते खाजगीत. चारचौघांत तो बोलला नाही. कायदा झाला की तो पाळायचा, ही त्याची निष्ठा. बोस्टनमध्ये मुद्रांक वाटायचं काम मिळालं कुणाला? साडू अँड्र्यू ऑलिव्हरला. १४ ऑगस्टला अँड्र्यूचा पुतळा झाडाला टांगला गेला. २६ तारखेला पाळी हचिन्सनची आली.

त्या रात्रीबद्दल त्याने चार दिवसांनी रिचर्ड जॅक्सन या लंडनमधल्या परिचिताला लिहिलेलं पत्र आहे. या सगळ्या पत्रव्यवहारात इतकं जवळून काही दाखवणारं दुसरं पत्र विरळाच. कुटुंब रात्रीच्या जेवणाला बसलेलं. कुणीतरी धावत येऊन सांगितलं की जमाव येतोय. त्याने मुलांना बाहेर काढलं, दारं-खिडक्या लावून घेतल्या आणि स्वतः घरातच थांबायचं ठरवलं. तेवढ्यात थोरली मुलगी सॅली अर्ध्या वाटेतून परत आली. तुम्ही निघाल्याशिवाय मी इथून हलणार नाही, असं तिने ठणकावलं. तिच्यापुढे त्याचं काही चाललं नाही. दोघं शेजारच्या घरात गेली आणि काही मिनिटांतच कुऱ्हाडींनी दार फुटलं. शोध घेत माणसं शेजारीही येतील म्हटल्यावर तो अंगणं आणि बागा ओलांडत आणखी लांबच्या घरी जाऊन लपला. पहाटे चारपर्यंत तिथेच होता.

तोवर प्रांतातल्या सर्वांत देखण्या घरांपैकी एक घर उघडं पडलं होतं. भिंतींवरचं लाकडी आच्छादन उचकटलं, दारं चिरफाळली, आतल्या भिंती पाडल्या. छपरावरचा घुमट पाडायलाच त्यांना जवळपास दोन तास लागले. मग पाट्या आणि फळ्या काढायला सुरुवात केली होती, पण उजाडलं म्हणून थांबले. बागेतली झाडं मोडून टाकली. चांदीची भांडी, घरातल्यांची चित्रं, मुलांचे आणि नोकरांचे कपडे, ९०० पौंड रोख, सगळं गेलं. स्वयंपाकघरातल्या काही वस्तू तेवढ्या उरल्या. दुसऱ्या दिवशी न्यायालय भरलं तेव्हा मुख्य न्यायाधीश झग्याविना आला. अंगावर आहे त्याशिवाय माझ्याकडे सदरासुद्धा नाही, असं त्याने भर न्यायालयात सांगितलं.

त्याच्या जिव्हारी लागलं ते वेगळंच. तीस वर्षं जमवलेले जुने कागद रस्त्यावर उधळले होते. मॅसॅच्युसेट्सच्या इतिहासाचा पहिला खंड त्याने आदल्या वर्षी छापला होता आणि दुसऱ्याचं हस्तलिखित घरात होतं. अँड्र्यू एलियट नावाच्या शेजारच्या पाद्र्याने चिखलातून ती पानं वेचून आणली. खंड १७६७ मध्ये निघाला. हस्तलिखित आजही मॅसॅच्युसेट्सच्या अभिलेखागारात आहे आणि पानांवर चिखलाचे डाग तसेच आहेत. विरोधकांनाही तो इतिहास निःपक्ष वाटे. आमच्या धंद्यात आजही तो पहिल्या हाताला ठेवावा लागतो.

पुढची काही वर्षं झपाट्याने उरकतो. १७६९ मध्ये गव्हर्नर बर्नार्ड इंग्लंडला निघून गेला आणि हचिन्सन कार्यकारी गव्हर्नर झाला. ५ मार्च १७७० च्या रात्री सैनिकांनी गोळ्या झाडून बोस्टनमध्ये पाच माणसं मारली, तेव्हा खवळलेल्या गर्दीसमोर सज्जात उभं राहून कायदा आपलं काम करील असं वचन देणारा हाच माणूस. ते त्याने पाळलंही: खटला झाला, शहरातली पलटण बेटावरच्या किल्ल्यात हलवली. १७७१ मध्ये तो रीतसर गव्हर्नर झाला आणि साडू अँड्र्यू उपगव्हर्नर. पुढच्या वर्षी व्याही पीटर ऑलिव्हर मुख्य न्यायाधीश.

मग पत्रं फुटली. १७६७ ते १७६९ च्या दरम्यान हचिन्सनने आणि अँड्र्यूने टॉमस व्हेटली या ब्रिटिश राजकारण्याला लिहिलेली पत्रं बेंजामिन फ्रँकलिनच्या हाती लागली. ती कशी लागली हे फ्रँकलिनने कधीच सांगितलं नाही. डिसेंबर १७७२ मध्ये त्याने ती बोस्टनला पाठवली आणि जून १७७३ मध्ये ती छापून निघाली. एका पत्रात हचिन्सनने लिहिलं होतं की इंग्रजी स्वातंत्र्य म्हणून ज्याला म्हणतात त्याला वसाहतीत काही प्रमाणात कात्री लागलीच पाहिजे. तीन हजार मैलांवरच्या वसाहतीला मायदेशाइतकं सगळं स्वातंत्र्य मिळणं शक्यच नाही, असा त्याचा युक्तिवाद होता. पण कात्रीचं वाक्य लोकांच्या तोंडी गेलं आणि युक्तिवाद छापील कागदावरच राहिला. विधानसभेने दोघांना काढून टाकण्याचा अर्ज राजाकडे धाडला.

आणि त्याच उन्हाळ्यात लंडनमध्ये चहाचा कायदा झालेला होता. ईस्ट इंडिया कंपनी डबघाईला आली होती. बंगालचा महसूल हाती येऊनही, १७७० च्या दुष्काळानंतर आणि लष्करी खर्चाने तिचं गणित बिघडलं होतं. लंडनच्या वखारींत लाखो पौंड वजनाचा चहा पडून होता. ब्रिटिश पार्लमेंटने कंपनीला तो थेट वसाहतीत विकायची सवलत दिली, मात्र पौंडामागे तीन पेन्सांची जकात कायम ठेवली. बोस्टनमध्ये माल उतरवून घ्यायला कंपनीने जे मोजके अडते नेमले, त्यांत दोन नावं होती टॉमस हचिन्सन धाकटा आणि एलिशा हचिन्सन. शिवाय गव्हर्नरचा पगार, वर्षाला १,५०० पौंड, आता विधानसभा देत नव्हती. तो याच जकातीच्या पैशातून येत होता. आणि हचिन्सनची स्वतःची पुंजीही कंपनीच्या भागभांडवलात होती. आता या माणसाने गंगेत उभं राहून शपथ घेतली असती तरी बोस्टनने ती मानली नसती.

पहिलं जहाज, डार्टमथ, २८ नोव्हेंबरला बंदरात आलं. नियम असा की आल्यापासून वीस दिवसांत जकात भरली नाही, तर जकात खातं माल जप्त करणार. जमावाचं म्हणणं, चहा आहे तसा परत पाठवा. पण जकात न भरता जहाज सोडायचं तर जकात खात्याचा दाखला हवा आणि त्यावर गव्हर्नरचा परवाना. न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियातल्या अडत्यांनी दबावापुढे राजीनामे दिले. बोस्टनच्या अडत्यांनी दिले नाहीत. हचिन्सनचे मुलगे किल्ल्याच्या आश्रयाला गेले. बापाने राजीनामे द्यायला लावले असते तर? तो लावू शकला असता, असं मला वाटतं, आणि माझ्या दृष्टीने त्याच्या वागण्यातला खरा दोष इथे आहे. ब्रिटिश मालावरच्या आधीच्या बहिष्काराच्या वेळी, १७७० मध्ये, त्याने मुलांना चहा सोडायला लावला होता आणि ती माघार त्याला कायम सलत राहिली. या वेळी नमतं घ्यायचं नाही असं त्याने ठरवलेलं दिसतं.

१६ डिसेंबरला डार्टमथच्या मालकांपैकी फ्रान्सिस रॉच शहराबाहेर मिल्टनला, हचिन्सनच्या वाडीवर गेला आणि परवाना मागितला. हचिन्सनने विचारलं, जकात खात्याचा दाखला आहे का? नव्हता. मग परवानाही नाही. हिशेब सरळ होता: दुसऱ्या दिवशी वीस दिवस संपतात, जकात खातं चहा जप्त करतं, कायद्याचं राहतं आणि गव्हर्नरच्या हाताला रक्त लागत नाही. रॉच हे उत्तर घेऊन अंधार पडल्यावर बोस्टनमध्ये त्याची वाट बघत बसलेल्या लोकांच्या सभेत परतला. त्या रात्री ३४२ पेट्या पाण्यात गेल्या. कंपनीने नुकसान ९,६५९ पौंडांचं लावलं.

म्हणजे मुलांचा फायदा हे कारण नव्हे. तो फायदा अडत्याच्या कमिशनाएवढाच होता आणि हचिन्सनला पैशाची ददात नव्हती. नियमावर बोट ठेवणारा हा माणूस वीस वर्षं समोरच्याचा राग समजून न घेता बरोबर ठरत आला होता. यावेळी नियमही त्याच्या बाजूने होता, फक्त शहर नव्हतं.

घराला त्याचे फटके लगेच बसायला लागले. जानेवारीत एलिशा प्लिमथला सासुरवाडीला गेला तर गावकऱ्यांनी घंटा वाजवून घराला गराडा घातला; बर्फ पडत असताना त्याला निघावं लागलं. मार्चमध्ये अँड्र्यू ऑलिव्हर वारला. त्याच्या दफनाच्या वेळी जमावाने आनंदाच्या आरोळ्या ठोकल्या. सख्खा भाऊ पीटर जिवाच्या भीतीने भावाच्या अंत्ययात्रेला गेला नाही. हचिन्सनला रजेवर इंग्लंडला जायचं होतं, पण उपगव्हर्नरच गेल्याने कारभार सोपवायला माणूस उरला नाही आणि मुक्काम लांबला. मे महिन्यात त्याच्या जागी गव्हर्नर म्हणून नेमलेला जनरल गेज आला. १ जून १७७४ ला, म्हणजे ज्या दिवसापासून बोस्टनचं बंदर शिक्षा म्हणून बंद झालं त्याच दिवशी, हचिन्सन मिल्टनची टेकडी पायी उतरला. वाटेत शेजाऱ्यांशी हात मिळवत गेला. एलिशा आणि पेगी सोबत होती. थोड्या महिन्यांत परतायचं असा बेत होता.

१ जुलैला तिसऱ्या जॉर्जने त्याला भेटायला बोलावलं. प्रवासाचे कपडे बदलायलाही सवड मिळाली नाही. संभाषण जवळजवळ दोन तास चाललं आणि हचिन्सनने ते प्रश्नोत्तरांसकट रोजनिशीत उतरवून ठेवलं. राजा राजकारणाबद्दल विचारतो आणि मधेच, तुमच्याकडे भाकरी कशाची करतात, असंही विचारतो. त्याला सरदारकीची पदवी देऊ केली गेली, ती त्याने नाकारली. ४ जुलै १७७६ ला ऑक्सफर्डने त्याला मानद डॉक्टरेट दिली. त्याच दिवशी फिलाडेल्फियात काय संमत झालं ते त्याला बऱ्याच आठवड्यांनी कळलं. मग अमेरिकेच्या त्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातला एकेक आरोप खोडून काढणारी पुस्तिका त्याने निनावी छापली. निव्वळ तर्क म्हणून वाचली तर ती अजूनही वाचनीय आहे.

बाकी लंडनचे दिवस रिकामे होते. सुरुवातीला मंत्री सल्ला विचारत, नंतर तेही थांबले. इंग्लंडमधल्या बड्या सरदाराच्या हवेलीत मरण्यापेक्षा न्यू इंग्लंडमधल्या एखाद्या साध्या शेतघरात मरणं मी पत्करीन, असं त्याने लिहून ठेवलं आहे. मार्च १७७६ मध्ये ब्रिटिश फौजेने बोस्टन सोडलं, तेव्हा धाकटा टॉमस आणि सॅली आपापल्या कुटुंबांसह बाहेर पडून इंग्लंडला आले. आता एकाच भाड्याच्या घरात वीस-पंचवीस माणसं आणि खर्च म्हाताऱ्याच्या अंगावर. पेगी त्याची लेखनिक होती, पत्रांच्या नकला तीच करी. तिला क्षय झाला आणि सप्टेंबर १७७७ मध्ये, तेविसाव्या वर्षी ती गेली. एरवी हवापाणी लिहिणारी रोजनिशी त्या दिवसांत बदलते. फेब्रुवारी १७८० मध्ये बिली गेला.

३ जून १७८० ला सकाळी हचिन्सन नेहमीसारखा फेरफटक्यासाठी गाडीकडे निघाला आणि पायऱ्यांजवळच कोसळला. आदल्याच दिवशी लंडनमध्ये कॅथलिकविरोधी दंगल उसळली होती, जी पुढे आठवडाभर चालली. शहर धुमसत असतानाच त्याला क्रॉयडनच्या चर्चमध्ये पुरलं, पेगी आणि बिलीजवळ. महिना पुरा व्हायच्या आत सॅलीही गेली.

इकडे मॅसॅच्युसेट्सने १७७८ च्या कायद्याने त्याला कायमचं हद्दपार करून टाकलं होतं आणि मालमत्ता जप्त केली होती. त्याच्या नावाने वसवलेल्या हचिन्सन गावाचं नाव १७७६ मध्येच बदलून बॅरी केलं. मिल्टनच्या घराच्या माळ्यावर त्याच्या पत्रांच्या वह्या सापडल्या. त्यातले निवडक उतारे वर्तमानपत्रांनी छापले. १७८१ मध्ये ते घर विकत घेऊन तिथे राहायला आली मर्सी ओटिस वॉरन, जेम्स ओटिसची बहीण. हिनेच नाटकांमध्ये हचिन्सनला खलनायक करून झोडपलं होतं. पुढे तिने क्रांतीचा इतिहास लिहिला, त्यातही त्याला सोडलं नाही. घर विसाव्या शतकात पाडलं गेलं. समोरचं शेत मात्र मोकळं राखलं आहे आणि गव्हर्नर हचिन्सनचं शेत याच नावाने ते आज लोकांना फिरायला खुलं आहे.

वंश इंग्लंडमध्ये राहिला. धाकटा टॉमस डेव्हन परगण्याकडे स्थिरावला. इतिहासाचा तिसरा खंड, ज्यात हचिन्सनने स्वतःच्या कारकिर्दीबद्दल लिहिलं आहे, तो नातू जॉन याने १८२८ मध्ये छापला. पणतू पीटर ऑरलँडो हचिन्सन याने १८८३ ते १८८६ दरम्यान रोजनिशी आणि पत्रं दोन खंडांत काढली. वाचायचं असेल तर या दोन खंडांपासून सुरुवात करा, पण एक सांभाळा: हा पणतू मधूनमधून स्वतःचीच टिप्पणी घुसडतो, अमेरिकन क्रांतिकारकांवर शंभर वर्षांनीही तितकाच चिडलेला असतो, आणि छापताना त्याने काय गाळलं ते मूळ वह्या पाहिल्याशिवाय कळत नाही. त्या वह्या लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत.